वर्षाचे बारा हजार आणि क्विंटलमागचे सातशे

परभणी जिल्ह्यातल्या पाच एकरवाल्या सोयाबीन शेतकऱ्याच्या खात्यात सरकारकडून वर्षाला ठरलेले 12,000 रुपये येतात. 6,000 केंद्राच्या पीएम-किसानचे आणि 6,000 राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे, दोन्ही दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. म्हणजे महिन्याला हजार रुपये. पीएम-किसानची रक्कम 2019 मध्ये ठरली आणि 2025 उजाडले तरी तेवढीच राहिली.

आता मोंढ्यातला हिशेब. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात भाव मिळत होता साधारण 4,000 ते 4,300. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर पाच एकरांत 30 क्विंटल माल होतो. क्विंटलमागे 700 रुपये कमी मिळाले तरी 21,000 गेले. दोन्ही सरकारांचा वर्षभराचा सन्मान एका पिकाच्या विक्रीत संपला आणि वर 9,000 ची तूट राहिली.

मग हमीभावाने का विकले नाही? ऑनलाइन नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पेरा हवा, खरेदी केंद्रावर बारदाना हवा आणि दाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनला मळणीनंतर मीटर लावला की आकडा 14, 15 वर जातो. केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली ती नोव्हेंबर 2024 मध्ये, दिवाळी झाल्यावर. मळणीवाल्याचे पैसे, दुकानदाराची उधारी आणि सण एकदम अंगावर आलेल्या माणसाने तोवर मोंढ्यात पट्टी करून घेतलेली होती.

अशाच तुटीची भरपाई म्हणून राज्याने 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5,000 रुपये दिले, दोन हेक्टरांपर्यंत. कमाल 10,000. ते वाटायला सुरुवात झाली ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर, दुसरे पीक काढणीला आल्यावर.

विम्याचा अनुभव याहून कडू आहे. 2017 च्या खरिपाच्या सोयाबीन विम्यासाठी परभणीचे शेतकरी 2018 मध्ये रस्त्यावर उतरले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा मांडलेला हिशेब असा: शेतकऱ्यांनी भरले 19.2 कोटी, केंद्र आणि राज्याने प्रत्येकी 77 कोटी, मिळून सुमारे 173 कोटी रुपये. शेतकऱ्यांना परत मिळाले 30 कोटी. खरिपात शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या 2 टक्के असतो. 19.2 कोटी हे 2 टक्के धरले, तर एकूण हप्ता 18 टक्क्यांवर जातो. शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेला बहुतेक सरकारी पैसा बांधापर्यंत पोचलाच नाही, हे सांगायला एवढा हिशेब पुरे.

2023 पासून राज्यात एक रुपयात विमा होता. 2025 च्या खरिपात तो बंद झाला, 2 टक्के हप्ता परत आला. त्याच वेळी स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षणही गेले. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. कोरडवाहूला मदतीचा मूळ दर हेक्टरी 8,500, एकरी 3,400 रुपये. ऑक्टोबरमध्ये राज्याने रब्बीसाठी 10,000 जोडून तो 18,500 केला, मर्यादा तीन हेक्टर. ही वाढ योग्यच होती.

या सगळ्या आकड्यांत बटईदार मात्र कुठेच नाही. पीएम-किसानला जमीन नावावर लागते. बियाणे, खत, फवारणी ज्याच्या खिशातून झाली त्याचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर सन्मान निधी मालकाच्या खात्यात जातो.

हप्ता कधी येणार, ही चौकशी गावोगाव होते. लोकप्रतिनिधींना त्याआधी वेगळे प्रश्न विचारायला हवेत: खरेदी केंद्र दसऱ्याच्या आधी उघडणार का, बारदाना किती आला आणि ओलाव्याची सूट काढणीपूर्वी जाहीर होणार की दिवाळीनंतर? पाच एकरांवर 21,000 रुपये वाचतात ते इथे.