गलाईच्या धुराची नोंद

सांगली जिल्ह्यातल्या विट्याने दोन धंदे वाढवले. यंत्रमागाचा धंदा गावातच राहिला, त्याचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. गलाईचा धंदा मात्र गावाबाहेर गेला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या तालुक्यांतली माणसे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचे काम घेऊन केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या सराफ बाजारांत पोचली. कोरडवाहू रानाने जे दिले नाही ते मुशीने दिले. टेंभू सिंचन योजनेचे पाणी यायच्या कितीतरी आधी या भागात जो पैसा खेळला त्यात गलाईचा वाटा मोठा होता, आणि गावोगावच्या बंगल्यांवरून, मंदिरांच्या जीर्णोद्धारावरून तो आजही दिसतो. पैसा असा गावी परत आला आणि दिसला. आजार परत आला तरी तो त्या धंद्याचा म्हणून ओळखला जात नाही. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र एका जागी राहणाऱ्या माणसांचे आजार चांगले मोजते. विखुरलेल्यांचे मोजायचे तर मोजणारा त्यांच्या मूळ गावात बसायला हवा. गलाईच्या बाबतीत ते गाव विटा आहे.

आधी काम काय आहे ते पाहू. जुना दागिना मुशीत आटवतात, सवागी टाकून मळ वर आणतात. सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर आम्ल आतपर्यंत शिरत नाही, म्हणून त्यात चांदी किंवा तांबे मिसळून सोने साधारण चौथ्या हिश्श्यावर उतरवावे लागते. मग त्या मिश्रणाचा पत्रा किंवा दाणे करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी-तांबे विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी उरते, ती धुऊन पुन्हा आटवली की पिवळी लगड. विरघळणारा तीन-चतुर्थांश भाग वायू सोडतो. हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचाच आहे. तीव्र आम्लात 100 ग्रॅम चांदी विरघळली तर सुमारे 43 ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो, आणि 100 ग्रॅम तांबे विरघळले तर 145 ग्रॅम. म्हणजे तांब्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त वायू, आणि तोही अनेकदा दहा बाय दहाच्या खोलीत. हा तांबूस वायू अमोनियासारखा माणसाला लगेच पळवून लावत नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, काम चालू राहते. फुफ्फुसात पाणी भरायला लागते ते कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. त्यातून वाचलेल्या काहींच्या बारीक श्वासनलिका काही आठवड्यांनी आकसू लागतात. तोवर त्या दिवसाचे काम कोणाच्या लक्षात नसते आणि डॉक्टरांसमोर बसतो तो दम्याचा रुग्ण.

दुसरा धोका दागिन्यातच दडलेला असतो. केडीएम म्हणून ज्या दागिन्यांची जाहिरात व्हायची त्यांच्या डाकात 92 भाग सोने आणि 8 भाग कॅडमियम असे. सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते आणि कॅडमियम 767 अंशांना उकळते. त्यामुळे सोने वितळायच्या आधीच कॅडमियम वाफ होऊन मुशीवर वाकलेल्या माणसाच्या नाकात जाते. त्या रात्री अंग मोडून येते, ताप भरतो. तापाची गोळी घेतली की सकाळी बरे वाटते, आणि तो फ्लू होता असे ठरते. कॅडमियम मात्र मूत्रपिंडात साठते आणि दहा-वीस वर्षे तिथून हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. केडीएमचा जमाना सरला, 2021पासून हॉलमार्क सक्तीचे झाले, हे खरे. पण गलाईकडे नवे सोने येत नाही. आईचे, आजीचे मोडीत काढलेले सोने येते. दुकानाच्या काचेमागून गेलेले कॅडमियम मुशीत अजून बरीच वर्षे येत राहणार. सराफाच्या धुळीतली चांदी काढताना शिसे वापरले तर त्याची वाफ वेगळीच.

धातूच्या विषाचा छडा कसा लागतो याचा धडा पश्चिम आफ्रिकेत सापडतो. नायजेरियाच्या वायव्येकडील झाम्फारा राज्यात 2010 साली खेड्यांतली लहान मुले झटके येऊन मरू लागली. मलेरियाच्या मुलखात झटके म्हणजे मेंदूचा मलेरिया असाच पहिला अंदाज. पण ‘मेडसाँ सां फ्रंतिएर’ या वैद्यकीय मदत संस्थेच्या डॉक्टरांना मलेरियाच्या औषधाने गुण येईना, म्हणून रक्त तपासायला पाठवले. त्यात शिसे निघाले. सोन्याच्या दरामुळे लोक शिसेमिश्रित धातुपाषाण घरी आणून धान्याच्या चक्कीत दळत होते आणि ती धूळ अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जात होती. मग पथके दोन गावांत घरोघर गेली. दारेता आणि यारगल्मा या त्या गावांत वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा दगावला होता, आणि मेलेल्यांपैकी पाचांतल्या चारांना आधी झटके आले होते. राज्यभरात किमान 400 मुले गेली. मुलांच्या मृत्यूला विषबाधा हे नाव मिळाले ते दारोदार जाऊन विचारल्यावर. दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद मलेरिया म्हणूनच झाली असती.

झाम्फारातली सगळी माणसे एका अंगणात होती, हा फरक मोठा आहे. आपल्याकडेही जिथे कामगार एका जागी सापडले तिथे अभ्यास झाले. गिरणी कामगारांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, हे कापसाच्या धुळीच्या आजाराचे लक्षण गिरणीच्या दारात उभे राहून तपासता येते; मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी ते केले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबातच्या अकीक कारागिरांची आणि मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांची फुफ्फुसे तपासली. अकीकचे काम तर घरोघरी चालते, तेव्हा छोटा धंदा अभ्यासता येत नाही हे म्हणणे टिकत नाही. विखुरलेला धंदा मात्र निसटतो, आणि कायदाही त्याला निसटू देतो. 1948च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची, पाऱ्याची आणि नायट्रस धुराची विषबाधा या तिन्ही कळवायलाच हव्यात अशा आजारांत होत्या. पण हे बंधन कारखान्याला आणि कारखान्यातल्या कामगाराला तपासणाऱ्या डॉक्टरला. त्या अधिनियमात वीज वापरत असाल तर 10 आणि नसाल तर 20 कामगार असले तरच कारखाना होई. 2020च्या कामगार संहितेने हे आकडे 20 आणि 40 केले. मालक, त्याचा पुतण्या आणि गावाकडून आणलेली दोन पोरे एवढ्यावर चालणारे गलाईचे दुकान या हिशेबात कधी बसणार? आजार अनुसूचीत आहे, आजारी माणूस नाही.

यावर पहिला आक्षेप गलाईवाल्यांकडूनच येईल: आमचे आजोबा ऐंशी वर्षे जगले, जन्मभर ॲसिडपाशी बसले. ते खरेच असेल. पण ज्याला धूर सोसला नाही त्याने पाच वर्षांत धंदा सोडला, गावी येऊन शेती धरली किंवा रिक्षा घेतली. दुकानात उरतो तो सोसलेला. टिकलेल्यांकडे पाहून धंद्याची तब्येत ठरवणे म्हणजे फडात उरलेल्या पैलवानाकडे पाहून कुस्तीत कोणाचा खांदा निखळत नाही म्हणणे. म्हणून सोडून आलेल्यांनाही मोजावे लागते, आणि ते फक्त गावातच भेटतात. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: बिडी, क्षय, चुलीचा धूर यांतून गलाईचा धूर वेगळा कसा काढणार? त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, गलाईत न गेलेल्या भावाशी तुलना करून. अशी जोडी विट्याच्या परिसरात घरटी सापडेल. संशोधकाला इतके सोयीचे गाव क्वचितच मिळते. तिसरा आक्षेप, मोठ्या रिफायनऱ्यांत वायू शोषणारी यंत्रे आली, हा त्या रिफायनऱ्यांपुरता बरोबर आहे. चौथा जास्त गंभीर: नोंद सुरू झाली की तपासनीस येईल, दुकान बंद पडेल, परमुलखात आधीच परका असलेला माणूस आणखी अडचणीत येईल. ही भीती मला अनाठायी वाटत नाही. म्हणूनच ही मोजणी दुकानाच्या पत्त्यावर करू नये, गावात करावी, आणि तपासणी करणाऱ्याला दुकानाचा पत्ता विचारायचे कारणच पडू नये.

गलाईवाला गावी येतो तो दिवाळीला, जत्रेला आणि लग्नसराईत. त्या दिवसांत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजणारे यंत्र, शिशासाठी रक्ताचा नमुना, मूत्रपिंडासाठी लघवीतल्या बारीक प्रथिनांची तपासणी आणि किती वर्षे, कोणते काम, खोलीला खिडकी होती का असे चार प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होते. ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जागेवर आहेत. जवळच्या मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पैशाचे म्हणाल तर मंदिराच्या कळसाला वर्गणी देणाऱ्या मंडळींना हा खर्च जड नाही.

इटलीच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनीने 1700 साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणाऱ्यांच्या विषबाधेवर प्रकरण आहे, आणि डॉक्टरांनी रुग्णाला धंदा विचारलाच पाहिजे असा आग्रह आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत तो प्रश्न राहून जातो. हा अंक हाती असताना घरात कोणी गलाईवरून आला असेल आणि त्याचा खोकला जात नसेल, तर दवाखान्यात त्याच्यासोबत जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा: हा सोने आटवतो, इतकी वर्षे ॲसिडवर बसतो. आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.