प्रकाशाला प्रकाश आडवा येतो का?

रात्री करंजाच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे रेवसचे दिवे दिसतात. मधल्या पाण्यावर नावांचे दिवे हलत असतात. नावेच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा लावण्याचा नियम आहे. तांबडा दिसला म्हणजे समोरच्या नावेची डावी बाजू आपल्याकडे आहे, हे तांडेल लांबूनच ओळखतो. पण धक्क्यावरच्या, घरांच्या, इतर नावांच्या दिव्यांचे किरण त्याला आडवे जात असताना तो तांबडा किरण न बिघडता पोहोचतो कसा, असा प्रश्न मला पडला.

आपणां कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही जमेल असा एक प्रयोग मी घरी केला. दोन बॅटऱ्यांवर तांबडा व हिरवा जिलेटिन कागद बांधला आणि काळोख्या खोलीत त्यांचे झोत एकमेकांना छेदतील असे ठेवले. छेदस्थानी पांढरा पुठ्ठा धरला, तर त्यावर पिवळसर ठिपका दिसला. पुठ्ठा काढताच पलीकडच्या भिंतीवर तांबडा तांबडाच आणि हिरवा हिरवाच! पिवळेपणा किरणांत नव्हताच. दोन्ही रंग एकाच जागेवरून डोळ्यांत आल्याने तो भासला होता.

याचे कारण प्रकाशाच्या लाटांत आहे. खाडीत दोन नावांच्या लाटा एकमेकींतून जाताना तेथील पाणी क्षणभर उंचावते वा सपाट होते. पुढे प्रत्येक लाट आपल्या वाटेने जाते. प्रकाशाच्या अशा मेळातून उजळ व काळे पट्टे पडतात, हे टॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले. यास व्यतिकरण म्हणतात. दोन बॅटऱ्यांच्या लाटांचा ताल सतत बदलत असल्याने ते पट्टे दिसत नाहीत. एकाच लेसर झोताचे दोन भाग केले, तर ताल टिकतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा याच तत्त्वावर चालेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या, काटकोनातील दोन भुजांतून परतलेले झोत एकत्र आणून गुरुत्वीय लाटांचा माग काढायचा आहे.

प्रकाशकण एकमेकांना अजिबात ढकलत नाहीत, असे मात्र नाही. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतून तसा पुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण दिव्यांच्या प्रकाशात तो परिणाम नगण्यच.

तेव्हा किनाऱ्यावरच्या झगमगाटात नावेचा दिवा हरवला, तर दोष किरणांचा नसतो. ते शाबूत आलेले असतात; डोळा दिपलेला असतो. म्हणून धक्क्यावरचे प्रखर दिवे पाण्याकडे न रोखता खाली वळवलेले असावेत. किरण एकमेकांतून आरपार जातात, नावा जात नाहीत.