नाव देणे आणि नावे ठेवणे

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात पानाच्या कडांची कातर, घडाची ठेवण आणि मण्याचा रंग पाहून जाणता माणूस वाणाचे नाव सांगतो, आणि मनात किंतु राहिलाच तर पुन्हा वेलीपाशी जाऊन खातरजमा करतो. मनोविकाराला असे पान नाही. तेथे हाती लागते ते रोग्याचे बोलणे, वागणे आणि आप्तांनी सांगितलेली हकीकत.

चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक असे पाच प्रकार सांगितले, ते कारणांवरून. जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांनी मात्र, कारणे अज्ञात असल्यामुळे, एकेका रोग्याची टिपणे स्वतंत्र पत्रिकेवर उतरवून व्याधीची गती आणि परिणती वर्षानुवर्षे न्याहाळली. त्यांचे थोरले बंधू कार्ल हे प्राणिशास्त्रज्ञ होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पुढे स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखली गेलेली व्याधी आणि उन्माद-विषादाच्या भरती-ओहोटीची व्याधी या दोन निरनिराळ्या होत, असे त्यांनी १८९९ साली मांडले, आणि आजची वर्गीकरणे पुष्कळ अंशी त्याच भेदावर उभी आहेत. तथापि १९२० साली त्यांनीच लिहून ठेवले की अनेक रोग्यांच्या बाबतीत ही सीमा समाधानकारकपणे आखता येत नाही. जन्मभर जोपासलेल्या सिद्धांताविषयी अशी कबुली देणाऱ्यापुढे मान लवते.

सरकारी दफ्तराने एवढी सूक्ष्मता कधी बाळगली नाही. १८५८ च्या आणि १९१२ च्या कायद्यांनी मतिमंद आणि मनोरुग्ण यांना एकाच सदरात कोंबले, ते १९८७ च्या कायद्याने वेगळे काढले. मांजरीहून मुळा-मुठेच्या काठाने वर गेले की येरवडा लागतो, आणि 'याला येरवड्याला धाडा' हे वाक्य आमच्याकडे सहज तोंडी येते. ज्या घरचे माणूस तेथील मनोरुग्णालयात खरोखरच आहे, त्या घरी ते ऐकले की बोलणे थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत मनोविकारांना १९४८ साली स्थान मिळाले. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आणि स्किझोफ्रेनियाचे शतकभर चालत आलेले पोटप्रकार तिने काढून टाकले. केसपेपरावरचा 'एफ २०' हा संकेतही तिच्यात '६ए२०' झाला. आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा निदानासाठी याच सूचीसारखे मान्य निकष सांगतो, आणि त्याच कलमात पुढे म्हणतो की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून, सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्यावाचून, कोणासही विकृतचित्त मानता येणार नाही.