केशहीन उंदीर

तळेऱ्याच्या घरांत उंदीर भाताची कणगी कुरतडतो, म्हणून त्याच्यासाठी सापळा लावतात. पण तळेऱ्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाच्या टोकाजवळ, खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदीर जिवापाड जपले जातात.

त्यांतील एका जातीच्या अंगावर केस नसतात. असा उंदीर १९६२ साली ग्लासगो येथील प्रयोगशाळेत प्रथम आढळला. बदललेले जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले, तरच असे पिल्लू निपजते. १९६८ साली कळले, की त्याला छातीतील थायमस ग्रंथीही नसते. थायमस ही शरीररक्षक पांढऱ्या पेशींची तालीमच होय. ती नसल्यामुळे त्याच्या शरीराला आपले व परके ओळखता येत नाही. म्हणूनच माणसाची कर्करोगाची गाठ त्याच्या अंगात वाढू शकते, व नवे औषध रुग्णाला देण्यापूर्वी त्या गाठीवर पारखता येते.

मात्र क्षुल्लक जंतूही त्याचा प्राण घेतो. त्याचे अन्न, पाणी व अंथरूण निर्जंतुक करावे लागते.

त्याचे दुबळेपण माणसाच्या कामी येते. तेव्हा या मुक्या जीवाला विनाकारण क्लेश होऊ न देणे हे आपले कर्तव्य आहे. १९६० सालचा कायदाही हेच सांगतो.