फायरप्लेस पेटली म्हणजे घर तापलं?

अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना दिवाणखान्यातली विटांची फायरप्लेस हमखास भुरळ घालते. हिवाळ्यात हीटिंगचं बिल कमी येईल, असाही हिशेब त्यामागे असतो. तो बहुतेक वेळा चुकतो. उघड्या फायरप्लेसमधल्या लाकडाची ८० ते ९० टक्के उष्णता धुरांड्यातून वर निघून जाते. शिवाय आग खोलीतली ऊबदार हवा सतत ओढून घेते आणि तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. समोर बसणाऱ्याचे गुडघे शेकतात, पण आतल्या खोल्या आधीपेक्षा थंड पडतात. ही तक्रार नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी स्टोव्ह तयार केला तो याच कारणाने.

फायरप्लेस आहेच, तर तिच्या पोकळीत बंद दाराचा इन्सर्ट, म्हणजे आत बसणारा स्टोव्ह, बसवून घ्यावा आणि धुरांड्यात स्टीलचा पाइप सोडून घ्यावा. लाकडाचे चांगले आधुनिक स्टोव्ह ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात ठेवतात.

‘घेतोच आहोत तर मोठा घेऊ’ हा विचार मात्र महागात पडतो. गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह तासाभरात खोली असह्य तापवतो. मग माणूस हवेची झडप आवळतो, ज्वाळा विझते आणि लाकूड नुसतं धुमसत राहतं. त्या धुरातून क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर धुरांड्याला आतून चिकटत जातो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. अशा आगीत तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. दाराची काच वारंवार काळी पडत असेल, तर लाकूड नीट जळत नाही हे नक्की. लहान स्टोव्ह मोकळ्या ज्वाळेने जळू द्यावा, हेच बरं.

‘पाइन जाळू नका, धुरांडं खराब होतं’ असं अमेरिकेत सर्रास सांगितलं जातं. स्वीडन-फिनलंडमध्ये पाइन आणि स्प्रूस पिढ्यान्‌पिढ्या जळतात. खरा दोष ओलाव्याचा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे दहा किलो लाकूड टाकलं, की आधी चार-पाच लिटर पाण्याची वाफ करण्यात आग खर्ची पडते. ओक जड आणि टिकाऊ, पण नीट वाळायला त्याला दोन वर्षंही लागतात. ओल्या ओकपेक्षा वाळलेलं पाइन कितीतरी चांगलं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ते ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला लावलं तर आकडा फसवा येतो. ओंडका फोडावा आणि आतल्या ताज्या अंगावर दोन्ही टोकं रुतवावीत. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून घरगुती जळण म्हणून किरकोळ विकल्या जाणाऱ्या लाकडाला हीच मर्यादा आहे.

लाकडाऐवजी विजेची फायरप्लेस घेतली, तर तिच्यातली ज्वाळा म्हणजे फक्त प्रकाश. १५०० वॉटची देखणी फायरप्लेस आणि १५०० वॉटचा साधा हीटर सारखीच उष्णता देतात. लाकडाच्या भुशाच्या दाबीव गोळ्या जाळणाऱ्या पेलेट स्टोव्हला पंखा आणि गोळ्या आत सोडणारं यंत्र चालवायला वीज लागते, त्यामुळे बॅटरीची सोय नसेल तर वीज गेली की तोही बंद.

सगळ्यात घातक समज म्हणजे धूर दिसत नाही म्हणून धोका नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने आपल्याकडे माणसं दगावतात ती याच वायूने. रात्री ज्वाळा विझल्या की ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लोक धुरांड्याची झडप लावून झोपायला जातात. तळाशी निखारे धगधगत असतात आणि हा वायू सर्वांत जास्त तेव्हाच घरात साठतो. राख पूर्ण गार होईपर्यंत झडप उघडीच राहू द्यावी.

घरात कुणाला दमा असेल, तर रोजच्या उबेसाठी लाकूड जाळूच नये. तिथे हीट पंप योग्य. बाकीच्यांनी हिवाळ्याआधी धुरांडं जाणकाराकडून तपासून साफ करून घ्यावं, स्टोव्हच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा आणि मगच पहिली काडी ओढावी.