घटस्फोट आणि धंदा : चावडीवरचा सल्ला आणि खरा कायदा

नवरा-बायकोचं फाटलं की बारामती-इंदापूर भागात पहिला सल्ला ठरलेला असतो : "आधी सगळं आईच्या नावावर कर." दुकान, पोल्ट्रीची शेड, उसाचा ट्रॅक्टर, एमआयडीसीतला गाळा, सगळ्यावर हाच उतारा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण या एका सल्ल्यापायी चालते धंदे अडकतात आणि बायका-मुलं उघड्यावर येतात.

त्यामागे भीती असते ती 'निम्मा धंदा बायकोला जातो' याची. असा नियम महाराष्ट्रात नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये नवऱ्याच्या धंद्याची निम्मी वाटणी कुठेही सांगितलेली नाही. निम्म्या-निम्म्याची पद्धत आहे गोव्यात. तिथे पोर्तुगीज काळातली नागरी संहिता चालते आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. आपल्याकडे कोर्ट पोटगी ठरवतं : कलम २४ खाली दावा चालू असेपर्यंतची, कलम २५ खाली कायमची. ती ठरवताना धंद्याची कमाई बघितली जाते, आणि गरज पडली तर पोटगीसाठी स्थावर मालमत्तेवर बोजाही ठेवता येतो. धंदा बायकोचा असेल, तर नवराही याच कलमांखाली पोटगी मागू शकतो. आणि वडिलोपार्जित मिळकतीतला मुला-मुलींचा जन्मजात हक्क आई-बापाच्या घटस्फोटाने तुटत नाही.

मग आईच्या नावावर केलं तर? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ३९ नेमकं यासाठीच आहे. ज्या स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नातून कुणाला पोटगीचा हक्क आहे, ती फुकटात दिली, किंवा घेणाऱ्याला त्या हक्काची माहिती होती, तर हक्क नव्या मालकाविरुद्धही चालतो. भांडण सुरू झाल्यावर केलेलं बक्षीसपत्र तारखेसकट कोर्टासमोर येतं आणि ते करणाऱ्यावरचा उरलासुरला विश्वासही घालवतं.

'रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलंय, पोटगी कमी बसेल' हाही पक्का समज. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ते पोटगीच्या हिशेबातून सुटत नाही. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं ऊसबिल बँकेत जमा होतं. दुधाचं बिल, जीएसटीची विवरणपत्रं, गाडीचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, हे सगळं खात्यावर दिसतं. खोटं प्रतिज्ञापत्र हा वेगळा गुन्हा, तो अंगावर ओढवून घ्यायचा कशाला?

मला सर्वात जास्त बोचते ती निम्मी वाटणी न सांगणाऱ्या याच कायद्याची दुसरी बाजू. इंदापूर तालुक्यातलं एखादं दूध संकलन केंद्र डोळ्यांसमोर आणा. पहाटे केंद्र उघडते ती, फॅटच्या मशीनवर नमुने लावते ती, गवळ्यांचे हिशेब तोंडपाठ तिलाच. शॉप ॲक्ट, खातं, करार मात्र सगळं नवऱ्याच्या नावावर. 'मी इतकी वर्षं राबले, म्हणजे माझा हिस्सा आहेच', असं तिला वाटतं. महाराष्ट्रात निव्वळ राबण्याने मालकी मिळत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गृहिणीच्या कष्टांना मिळकतीतला वाटा मानला, पण तो निकाल आपल्याकडच्या कोर्टांवर बंधनकारक नाही. म्हणून संसार गोडीत असतानाच भागीदारी पत्र करावं, नाहीतर निदान तिचा पगार दरमहा तिच्या खात्यात जावा. तो खर्च वहीत धरता येतो, आणि पुढे वाद झालाच तर कुणी काय केलं याचा पुरावा राहतो. मात्र दोघं भागीदार असतील, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने फर्म आपोआप मोडत नाही. फर्मचा हिशेब वेगळा करावा लागतो.

अडचणीत तिचे दागिने मोडून धंद्यात घातले असतील, तर ते 'घरचेच' होत नाहीत. स्त्रीधनावर नवऱ्याची मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. एप्रिल २०२४ च्या निकालातही तेच : अडचणीत वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी नवऱ्याची. सोनाराच्या पावत्या तिने स्वतःजवळ ठेवाव्यात.

आता कर्ज. कॅश क्रेडिटला बायको जामीनदार आणि दोघांचा काडीमोड झाला, म्हणजे जामीन सुटला, असं अनेक जण धरून चालतात. बँकेला तुमच्या लग्नाशी देणंघेणं नसतं. करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदार कर्जदाराइतकाच बांधलेला असतो. तसंच सबसिडीसाठी 'नावापुरतं' तिच्या नावावर काढलेलं युनिट : त्याचं कर्ज आणि कराच्या नोटिसा तिच्याच नावाने येतात.

परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब च्या अर्जासोबतच्या अटींमध्ये ही प्रत्येक गोष्ट नावानिशी लिहावी : धंदा कोण चालवणार, कर्ज कोण फेडणार, दागिन्यांची रक्कम कधी मिळणार, जीएसटी नोंदणी कुणी बंद करायची. धंदा नवऱ्याकडे राहणार असेल, तर एकरकमी पोटगीचे हप्ते ऊसबिलाच्या किंवा हंगामाच्या तारखांना जोडून घ्यावेत, म्हणजे खेळतं भांडवल एकदम निघत नाही. आणि तिला जामिनातून मोकळं केल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय तिने शेवटच्या तारखेला सही करू नये.