खिडकीबाहेरचे झाड : बायोफिलिक वास्तुरचनेचा मागोवा

उजेड, वारा, पाणी आणि झाडे यांना इमारतीच्या आराखड्यातच जागा देण्याला आज बायोफिलिक वास्तुरचना असे भारदस्त नाव आहे. नाव नवे असले तरी गोष्ट जुनी. चौसोपी वाड्यात ऊन, पाऊस आणि वारा चौकातूनच घरात येत. त्याला कोणी आरोग्याचा उपाय म्हणत नसे; घर असेच बांधायचे असते, एवढेच ठाऊक होते.

आरोग्याचा विचार मनाशी धरून बांधलेली विसाव्या शतकातली नामांकित इमारत म्हणजे फिनलंडमधले पाइमिओ येथील क्षयरुग्णालय. आल्वार आल्तो यांनी १९२९ मध्ये त्याचा आराखडा केला आणि १९३३ मध्ये ते पूर्ण झाले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपचार. रुग्ण दिवसभर पडून असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर छतच असते, हे ओळखून आल्तो यांनी छताला डोळ्यांना न टोचणारा गडद रंग दिला. शेजारच्याची झोपमोड होऊ नये म्हणून आवाज न करणारे हात धुण्याचे भांडेही घडवले. गच्चीवर खाटा मांडलेल्या असत आणि समोर पाइनचे रान. पुढे प्रतिजैविके आली, तशी अशा रुग्णालयांची गरज संपली आणि त्यांच्याबरोबर ही दृष्टीही मागे पडली.

मग आला वातानुकूलन यंत्रांचा आणि ट्यूबलाइटचा काळ. खिडकी उघडण्याची गरज उरली नाही, तशी ती उघडता येण्याचीही उरली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी अमेरिकेत इमारती आणखी बंदिस्त झाल्या. माणशी मिनिटाला १५ घनफूट बाहेरची हवा आत घ्यावी, हा संकेत ५ घनफुटांवर आणला गेला. पुढच्या दशकात डोके दुखणे, डोळे चुरचुरणे आणि घरी गेल्यावर बरे वाटणे अशा तक्रारी कार्यालयांतून इतक्या येऊ लागल्या, की जागतिक आरोग्य संघटनेलाही या ‘आजारी इमारतीं’ची दखल घ्यावी लागली.

नेमक्या याच सुमारास, १९८३ मध्ये, मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही २८ मजली इमारत पूर्ण झाली. मुंबईत वारा पश्चिमेचा आणि समुद्रही तिकडेच; पण दुपारचे रणरणते ऊन आणि पावसाचा माराही त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून उंच इमारतीच्या कोपऱ्यांत बसवला आणि दोन मजले उंचीची, बागेसारखी गच्ची केली. ‘बायोफिलिया’ हा शब्द तेव्हा वास्तुरचनेत रूढही नव्हता.

दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, या विषयाला पुरावा आणि नाव या दोन्ही गोष्टी मिळाल्या. पुरावा संशोधक रॉजर उलरिच यांचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. वय, लिंग, वजन, सिगारेटची सवय अशा गोष्टी जुळवून त्यांच्या २३ जोड्या लावल्या. खोल्या जवळजवळ सारख्याच होत्या आणि एका मजल्यावरच्या नर्सही त्याच. फरक होता तो खिडकीबाहेर : काहींना झाडे दिसत, काहींना तपकिरी विटांची भिंत. झाडांना पालवी असेल अशाच महिन्यांतले रुग्ण त्यांनी निवडले. झाडांकडच्या रुग्णांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर भिंतीकडच्यांचा ८.७० दिवसांचा. झाडांकडच्या रुग्णांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ‘रडते आहे’, ‘बराच धीर द्यावा लागतो’ अशा स्वरूपाच्या नर्सच्या नोंदीही त्यांच्याबाबत कमी निघाल्या. ४६ हा आकडा लहानच. तरी डॉक्टर आणि वास्तुरचनाकार या दोघांनाही कळेल अशा भाषेत, म्हणजे दिवसांत आणि गोळ्यांत, कुणी तरी हिशेब मांडला होता.

नाव दिले ते मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांच्या ‘बायोफिलिया’ या पुस्तकाने. शब्द मूळचा मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांचा; विल्सन यांनी त्याला उत्क्रांतीचा अर्थ दिला. माणूस लाखो वर्षे रानात वाढला, म्हणून सजीवांची ओढ त्याच्या स्वभावातच आहे, असे त्यांचे म्हणणे. स्टीफन केलर्ट यांनी ही कल्पना इमारतींपर्यंत आणली; त्यांनी सहसंपादित केलेला बायोफिलिक रचनेवरचा ग्रंथ २००८ मध्ये आला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सल्लागार संस्थेने १४ रचनातत्त्वांची यादी केली. यादी उपयोगी आहे, पण तिने एक पळवाटही दिली : लिफ्टच्या भिंतीवर पानांचे चित्र चिकटवले तरी ‘निसर्ग’ मोजता येऊ लागला.

ही कल्पना खऱ्या अर्थाने राबवली सिंगापूरने. तिथले तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९६३ मध्ये वृक्षलागवडीची मोहीम सुरू केली आणि १९६७ मध्ये उद्याननगरीचे धोरण जाहीर झाले. त्यामुळे २०१० मध्ये यिशुन भागात खू टेक पुआट रुग्णालय उभे राहिले, तेव्हा झाडांचे कौतुक कुणाला समजावून सांगावे लागले नाही. आत पाऊल टाकताच येणाऱ्याचा रक्तदाब उतरावा, अशी चालकांची अपेक्षा होती. मधल्या चौकातली झाडी वरच्या मजल्यांपर्यंत चढत जाते आणि शेजारचे तळे आवाराचाच भाग वाटते. गच्चीवर भाज्यांचे वाफे आहेत. सवलतीच्या वॉर्डांत वातानुकूलन नाही. वारा अडवून आत वळवणारे उभे पंख भिंतींना लावले आहेत आणि त्यांची जागा वाऱ्याच्या चाचण्या घेऊन ठरवली गेली. कमी पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला खिडकी आली, ही या रुग्णालयाची सर्वांत विचारी बाजू.

छायाचित्रांत मात्र गाजल्या त्या झाडांच्या इमारती. स्टेफानो बोएरी यांचे मिलानमधले ‘उभे जंगल’ २०१४ मध्ये पूर्ण झाले : दोन मनोरे, सुमारे ८०० झाडे. वाऱ्याने झाड खाली येऊ नये म्हणून मुळे पोलादी दोरांनी बांधलेली आहेत. छाटणी रहिवाशांवर सोडलेली नाही. दोरावरून उतरणारे माळी ती करतात आणि खर्च सोसायटीच्या देखभालीत धरलेला असतो. चीनमधल्या चेंगडू शहरातही अशाच ८ मनोऱ्यांची ८२६ घरांची वसाहत झाली, पण २०२० मध्ये तिथून वेगळ्याच बातम्या आल्या. घरे विकली गेली होती, मात्र राहायला जेमतेम दहा कुटुंबे आली होती. रिकाम्या सज्ज्यांतली झाडे मोकाट वाढून कठड्यांवर लोंबत होती आणि डासांनी उच्छाद मांडला होता.

कुंडीतल्या झाडांनी खोलीतली हवा शुद्ध होते, हा समजही याच काळात घरोघरी पोचला. त्याचे मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता आणि खोली तशी बंद नसते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र फेरविचार झाला. इमारतीतल्या नेहमीच्या हवापालटाची बरोबरी करायची, तर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडे लागतील, असे त्यातून निघाले. म्हणजे खोलीत मग माणसाला जागाच उरायची नाही. उलरिच यांच्या रुग्णांची झाडे खोलीत नव्हतीच. ती काचेपलीकडे, जमिनीत उभी होती.